कमी गुण कोणाला परवडतात?

युक्रेनमधील युद्धामुळे शिक्षण अर्धवट टाकून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना भारतातील महाविद्यालयांत सामावून घ्यावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला आली, तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने एक प्रतिज्ञापत्र सादर केले. हे विद्यार्थी परदेशी का गेले, याची दोन कारणे त्यात दिली होती. 'नीट'मधील त्यांची गुणवत्ता कमी होती, हे पहिले. आणि तेथील शिक्षण त्यांना परवडणारे होते, हे दुसरे. कमी गुणवत्तेच्या विद्यार्थ्यांना अशा मागच्या दाराने देशातील चांगल्या महाविद्यालयांत घेतले, तर जागा न मिळालेले इतर विद्यार्थी न्यायालयाची पायरी चढतील, अशी भीतीही सरकारने व्यक्त केली होती.

युक्तिवाद म्हणून त्यात खोट काढणे अवघड आहे. परंतु ही दोन कारणे शेजारी शेजारी ठेवली की न लिहिलेले तिसरे सत्य आपोआप वाचता येते. तेवढ्याच गुणांच्या विद्यार्थ्याच्या पालकांपाशी कोटभर रुपये असते, तर तो खार्किवला गेलाच नसता. देशातच एखाद्या अभिमत विद्यापीठात त्याला पूर्णपणे कायदेशीर प्रवेश मिळाला असता आणि त्याच्या गुणवत्तेविषयी कोणत्याही मंत्रालयाने न्यायालयात चिंता व्यक्त केली नसती. कमी गुण हा काही अपराध नव्हे. प्रश्न एवढाच आहे की, या देशात कमी गुण नेमके कोणाला परवडतात आणि ते ठरवले कोणी?

अर्ध्या रांगेचे गणित

'नीट'ची कल्पना २०१० मध्ये नियमांत आली, तेव्हा खुल्या गटासाठी किमान ५० टक्के आणि राखीव गटांसाठी ४० टक्के गुणांची अट होती. २०१३ मध्ये पहिली परीक्षा होण्यापूर्वीच 'टक्के' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी 'पर्सेंटाइल' येऊन बसला. कानाला दोन्ही शब्द सारखे लागतात. अर्थात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ५० टक्के म्हणजे निम्मे गुण. ५० वे पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे. मागचे निम्मे किती मागे आहेत, यावर ही पात्रता ठरते. विद्यार्थ्याला स्वतःला जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र किती येते, याचा तिच्याशी थेट संबंध उरत नाही.

परिणाम आकड्यांतच पाहावा. २०२२ मध्ये खुल्या गटातील पात्रतेची रेघ ७२० पैकी ११७ गुणांवर होती. हे प्रमाण सव्वासोळा टक्के पडते. २०२३ मध्ये ती १३७ वर आणि २०२५ मध्ये १४४ वर, म्हणजे बरोबर वीस टक्क्यांवर होती. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. एका जागेमागे दहा पात्र उमेदवार, असे हे प्रमाण आहे.

जागांच्या दहापट उमेदवारांना पात्रतेचे प्रमाणपत्र देण्याची गरज कोणाला आहे? सरकारी महाविद्यालयांना ती नाही. त्यांच्या जागा रांगेच्या पुढच्या भागातच भरतात. लांबलचक शेपटीची गरज आहे ती ज्यांच्या जागांची किंमत पाहून पुढचे विद्यार्थी मागे फिरतात त्यांना.

हे घडते कसे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका माध्यमिक शिक्षकाच्या मुलीला ४५० गुण मिळाले. सरकारी जागा तिच्या हातून थोडक्यात निसटली. पुढे तिला जे महाविद्यालय मिळू शकते, त्याचे वर्षाचे शुल्क वीस लाखांच्या पुढे आहे. ती नकार देते. तिच्यानंतरच्या हजारो जणांचीही तीच गत. नकार खाली खाली सरकत जातात, 'मॉप-अप' आणि 'स्ट्रे व्हेकन्सी' या नावांच्या फेऱ्या होतात आणि अखेरीस ती जागा दोनशे गुणांच्या उमेदवारापाशी येऊन थांबते. त्याच्या वडिलांना शुल्क झेपते. कागदोपत्री सारे गुणवत्ता यादीनुसार झालेले असते. कोणीही नियम मोडलेला नसतो, कोणी पाकीट दिलेले नसते. यादीतील हजारो नावांवर शांतपणे फुली मारण्याचे काम शुल्काच्या आकड्याने केलेले असते. एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत वर्षाचे शुल्क काही हजार रुपयांत भागते, आणि अनेक अभिमत विद्यापीठांत संपूर्ण अभ्यासक्रम कोटीच्या घरात जातो. गुणवत्ता यादी एकच. तिच्या दोन टोकांना दोन वेगळे देश राहतात.

वसंतदादांपासून इनामदारांपर्यंत

या व्यवस्थेच्या जन्मकथेत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले. मराठी मुले देणग्या भरून कर्नाटकात जातात, तो पैसा आणि ती महाविद्यालये राज्यातच का नसावीत, हा त्यामागचा एक युक्तिवाद होता. त्या दारातून ग्रामीण भागात महाविद्यालये आली, रुग्णालये आली आणि त्यांच्याबरोबर 'शिक्षणसम्राट' हा शब्दही मराठीत आला. चारच वर्षांत, १९८७ मध्ये, देणगी घेण्यास मनाई करणारा कायदा त्याच राज्याला करावा लागला.

त्या काळात गुणांचे मोल राजकारणालाही ठाऊक होते. मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. गुणपत्रिकेतील काही आकड्यांवरून राज्याचे सरकार हलले, असा तो काळ. आज गुणपत्रिकेला हात लावण्याची गरजच राहिलेली नाही. पात्रतेची रेघच खाली आणता येते आणि तीही राजपत्राच्या साक्षीने.

न्यायालयांनी या प्रश्नाची तड लावण्याचा प्रयत्न केला नाही, असे नाही. मोहिनी जैन खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देणगी घेणे घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा 'मोफत' आणि निम्म्या 'पैशांच्या' अशी योजना आखली गेली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती योजना मोडीत काढली आणि २००५ मध्ये इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सात न्यायमूर्तींनी विनाअनुदानित संस्थांवर सरकारी कोटा लादता येणार नाही, असा निर्वाळा दिला. अनिवासी भारतीयांसाठी कमाल १५ टक्के जागांना मान्यता मिळाली तीही याच निकालात.

या १५ टक्क्यांचे पुढे काय झाले, ते २०२४ मध्ये पंजाबने दाखवले. अनिवासी भारतीयांच्या काका, मामा, आत्या आणि मावशीकडील नातलगांनाही त्या कोट्यात बसवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळताना ही निव्वळ फसवणूक असल्याचे कठोर शब्दांत सुनावले. कितीतरी अधिक गुण मिळवलेले विद्यार्थी त्यामुळे बाहेर राहतील, हे सरन्यायाधीशांनी बोलून दाखवले. दूरच्या मामाच्या पारपत्रावर भाच्याची गुणवत्ता ठरावी, इतका हा कोटा लवचीक झाला होता.

संसदेची अर्धी इच्छा

इनामदार निकालानंतर संसदेने विलक्षण चपळाई दाखवली होती. ऑगस्ट २००५ मध्ये निकाल आला आणि डिसेंबरमध्ये घटनादुरुस्ती संमत झाली. खासगी संस्थांतही मागासवर्गीयांसाठी जागा राखण्याचा अधिकार सरकारला मिळाला. डावे-उजवे सारे पक्ष त्या दिवशी एकत्र होते. चार महिन्यांत घटना दुरुस्त करू शकणाऱ्या या सभागृहांना शुल्काच्या प्रश्नाला हात घालण्यास मात्र पुढे जवळजवळ चौदा वर्षे लागली.

त्या वर्षांत 'नीट'चाच लंबक झाला. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ही परीक्षा रद्द केली आणि एप्रिल २०१६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल मागे घेतला. भारतीय वैद्यक परिषदेच्या कारभारावर आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने मार्च २०१६ मध्ये कोरडे ओढले होते आणि देणगीच्या रोगावर सामाईक प्रवेश परीक्षेचे औषध सुचवले होते. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या आग्रहामुळे मे महिन्यात अध्यादेश काढून राज्यांना एका वर्षाची सूट द्यावी लागली, पण नंतर परीक्षा देशभर स्थिरावली. तिने एक काम निश्चित केले. प्रत्येक संस्थेची स्वतंत्र परीक्षा आणि तिच्याआडचा गुप्त सौदा बऱ्याच अंशी संपला. सौदा संपला, किंमत मात्र राहिली. ती आता संकेतस्थळावर जाहीर होते, एवढेच.

२०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे विधेयक आले. मूळ २०१७ च्या मसुद्यात खासगी महाविद्यालयांतील ४० टक्क्यांपर्यंत जागांच्या शुल्काचा विचार होता. स्थायी समितीच्या छाननीनंतर तो आकडा ५० वर गेला. परंतु कायद्याच्या दहाव्या कलमात आयोगाला अधिकार मिळाला तो शुल्कासाठी 'मार्गदर्शक तत्त्वे' आखण्याचा. सरकारी भाषा जाणणाऱ्यांना 'नियम' आणि 'मार्गदर्शक तत्त्वे' यांतील फरक सांगायला नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयोगाने निम्म्या जागांचे शुल्क त्या राज्यातील सरकारी महाविद्यालयाइतके असावे, असे पत्रक काढले आणि मार्चमध्ये पंतप्रधानांनी त्याचा जाहीर उच्चार केला. युक्रेनमधून विमाने भरून मुले परत येत होती, तेच हे दिवस. पुढे राज्यांच्या शुल्क समित्या, अभिमत विद्यापीठांची स्वायत्तता आणि न्यायालयांतील याचिका यांच्या जंजाळात ती घोषणा अडकली.

प्रश्नपत्रिका फुटली की संसद पेटते. २०२४ च्या 'नीट'वरून ती पेटलीही, आणि त्याच जूनमध्ये गैरप्रकारविरोधी कायदा अमलात आला. चोरून विकलेल्या प्रश्नपत्रिकेवर कारावासाची शिक्षा आहे आणि ते योग्यच आहे. उघड विकल्या जाणाऱ्या जागेवर मात्र सभागृहात तेवढा आवाज उठत नाही. महाविद्यालयांशी नाते असलेली घराणी एकाच पक्षात नाहीत, हे त्याचे एक कारण असावे.

दुसऱ्या जातीचे कमी गुण

कमी गुणांना सरसकट नाके मुरडणेही तितकेच चुकीचे आहे. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. तत्कालीन राज्यपाल, नागपूरचे बनवारीलाल पुरोहित यांनी बऱ्याच विलंबानंतर ३० ऑक्टोबर रोजी त्या विधेयकाला संमती दिली. आदल्या वर्षी ज्या शाळांतून एमबीबीएसला गेलेल्यांची संख्या एकेरी आकड्यात होती, त्याच शाळांतून त्या वर्षी शेकडो मुले वैद्यकीय शिक्षणाला गेली. नंतर मध्य प्रदेशानेही सरकारी शाळांसाठी पाच टक्क्यांची तरतूद केली. या मुलांचे 'नीट'चे गुण इतरांहून कमी असतात, हे खरे. पण त्या गुणांमागे शिकवणी वर्गाचे दोन-तीन लाख नसतात, कोट्यातील किंवा लातूरमधील वसतिगृह नसते, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसण्याची ऐपत नसते. त्यांच्या गुणांतील तूट परिस्थितीची आहे आणि राज्यघटनेने अशी तूट मोजून घेण्याची वाट दाखवलेली आहे. राखीव जागांचा सारा विचार याच पायावर उभा आहे.

अशा विद्यार्थ्यांकडे बोट दाखवून 'गुणवत्तेचा बळी' म्हणणारे लोक दिल्लीच्या दिवाणखान्यांत पुष्कळ भेटतात. पैशांच्या जोरावर आलेल्या दोनशे गुणांविषयी त्यांच्याच तोंडून शब्द निघत नाही. पहिल्या प्रकारच्या कमी गुणांना कारण आहे, मर्यादा आहे, कायद्यात लिहिलेला आकडा आहे. दुसऱ्या प्रकारच्या कमी गुणांना केवळ खरेदीशक्तीचा आधार आहे.

बदलीच्या नोकरीचा भुर्दंड

हा प्रश्न केवळ धनिक आणि गरीब यांच्यापुरता नाही, हे दिल्लीतील मराठी सरकारी कर्मचाऱ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. महाराष्ट्राच्या सरकारी महाविद्यालयांतील ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी राज्यातून झालेली असावी लागते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी अपवाद आहेत. पण अपवादांची कलमे अटींनी भरलेली असतात. सीमा सुरक्षा दलात नोकरीला असलेल्या एका मराठी कर्मचाऱ्याच्या मुलाचा प्रवेश दहावी राज्याबाहेर झाल्याच्या कारणावरून रद्द झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल देऊन पुढील सत्रात त्याला जागा देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, वर्ष मात्र गेले.

उलट, ज्यांची मुले अकरावी-बारावी दिल्लीतील शाळेतून करतात, त्यांना दिल्ली विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील दिल्ली कोट्याचा लाभ मिळू शकतो. मग ती शाळा रामकृष्ण पुरममधील केंद्रीय विद्यालय असो की पहाडगंजची नूतन मराठी. तेच गुण, तोच अभ्यास. बापाच्या बदलीचा आदेश बारावीच्या आधी निघाला की नंतर, यावर मुलाचे दार ठरते. दोन्ही राज्यांच्या फटीत सापडलेल्यांना अखिल भारतीय १५ टक्के जागांचा आसरा उरतो. अधिवासाची अट आड येत नाही ती अभिमत विद्यापीठांत. तेथे देशातील सारे समान असतात. पाहिले जाते ते पर्सेंटाइल आणि धनादेश.

प्रवेशाची रेघ आणि बाहेर पडण्याची

कमी गुण म्हणजे कमी प्रतीचा डॉक्टर, असे समीकरण मांडता येत नाही, हा आक्षेप विचारात घ्यावाच लागेल. तीन तासांत १८० बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याचे कौशल्य आणि रुग्णाच्या खाटेशी लागणारी समज यांचे नाते सैल आहे. सतराव्या वर्षी मागे पडलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी उत्तम शल्यविशारद होऊ शकतो. डॉक्टरांची टंचाई असलेल्या देशात जागा रिकाम्या ठेवणे परवडत नाही, हा सरकारचा युक्तिवादही पोकळ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने पदव्युत्तर 'नीट'ची पात्रता सर्व गटांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली, ती याच कारणाने. हे सारे उमेदवार आधीच एमबीबीएस आहेत, असे त्याचे समर्थन झाले. पण शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण, चुकीच्या उत्तरांमुळे ज्याचे गुण शून्याच्याही खाली गेले तोसुद्धा. तेव्हा ती परीक्षा कशासाठी घेतली, एवढे तरी विचारण्याचा अधिकार रुग्णांना आहे.

प्रवेशाची रेघ सैल ठेवायची असेल, तर बाहेर पडण्याची रेघ पक्की हवी. परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरला ३०० पैकी १५० गुण मिळवल्याखेरीज येथे व्यवसाय करता येत नाही आणि त्या परीक्षेत बहुसंख्य उमेदवार अनुत्तीर्ण होतात. देशातील पदवीधरांसाठी तशीच सामाईक अंतिम परीक्षा घेण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. तीन वर्षांची मुदत होती. मुदतीत ती झाली नाही आणि जुलै २०२३ मध्ये पुढील निर्देशांपर्यंत लांबणीवर पडली. तोवर दोनशे गुणांवर तिबिलिसीला गेलेल्या मुलाची एका सामाईक राष्ट्रीय परीक्षेत कसोटी लागते, आणि तेवढ्याच गुणांवर देशातील महागड्या जागेवर बसलेल्याची त्याच्या विद्यापीठातच.

सरकारने दहा वर्षांत वैद्यकीय महाविद्यालये ३८७ वरून ७८० वर नेली, जागा ५१ हजारांवरून एक लाख १८ हजारांवर नेल्या. हे काम लहान नाही. मात्र त्यांतील साधारण निम्म्या जागा खासगी क्षेत्रात आहेत आणि त्यांच्या किमतीला हात न लावता जागा वाढवणे म्हणजे मध्यमवर्गाला नकार देण्याच्या फेऱ्या वाढवणे होय. उपाय अगदीच अनोळखी नाहीत. पात्र उमेदवारांची संख्या उपलब्ध जागांच्या तिप्पट-चौपटीपुरती मर्यादित ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागा भरण्यासाठी संस्थांना शुल्क खाली आणावे लागेल. निम्म्या जागांच्या शुल्काची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक नियम व्हावीत. आणि प्रत्येक महाविद्यालयातील अखेरच्या प्रवेशाचे गुण व त्या जागेचे शुल्क एकाच तक्त्यात छापले जावे. त्या तक्त्याला भाष्याची गरज पडणार नाही.

तोपर्यंत सर्वोच्च न्यायालयातील त्या प्रतिज्ञापत्रात एक दुरुस्ती करायला हरकत नसावी. युक्रेनला गेलेल्या मुलांचे गुण कमी होते, हे खरेच. त्याहून कमी होते ते त्यांच्या पालकांचे पैसे.